जुनी एमजीबी जीटी की टोयोटा जीटी८६?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. शनिवार-रविवारसाठी मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची, दोन दारांची कूपे घ्यायची आहे. गाडी इंग्लंडातच राहणार. यादी छाटत छाटत दोन नावं उरली: क्रोम बंपरची एमजीबी जीटी, म्हणजे १९६५ ते १९७४ मधली, आणि टोयोटा जीटी८६, २०१२ नंतरची. चांगल्या अवस्थेतली एमजीबी आणि मध्यम वयाची जीटी८६ साधारण एकाच पैशांत मिळतात, म्हणून तर हा घोळ.

कागदावर बघायचं तर एमजीबी १७९८ सीसी, ९५ हॉर्सपॉवर, साधारण ११०० किलो. जीटी८६ १९९८ सीसी, २०० हॉर्सपॉवर, साधारण १२४० किलो. जीटी८६ शून्य ते शंभर साडेसात सेकंदांत जाते, एमजीबीला तेरा-चौदा लागतात. हे मला माहीत आहे. आकड्यांत कोण जिंकतं हा प्रश्नच नाही.

मला हवं आहे ते असं. वर्षाला ३००० मैल चालवायची असेल तर कुठली गाडी किती काम मागते? मोटरवेवर एमजीबीचे हाल होतात का? घेताना नेमकं काय तपासायचं? आणि गॅरेज जुन्या घराचं आहे, आतून रुंदी २.४ मीटर, दाराची रुंदी २.१. 'दोन्ही घ्या' हा सल्ला सोडून बाकी सगळं चालेल.

चौथा गिअर

दोन्ही घ्या. :)

वाटसरू

गॅरेजपासून सुरुवात करतो, कारण बरेच लोक ते गाडी आणल्यावर मोजतात. एमजीबीची रुंदी १.५२ मीटर, जीटी८६ची १.७७५, तीही आरसे न धरता. २.१ च्या दारातून एमजीबी आत जाताना दोन्ही बाजूंना २९ सेंटिमीटर राहतात, जीटी८६ला जेमतेम १६.

आत गेल्यावर खरी अडचण. डावी बाजू भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर लावली तर ड्रायव्हरच्या बाजूला एमजीबीत ७३ सेंटिमीटर उरतात, जीटी८६मध्ये ४७. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते ४७ मध्ये पुरतं उघडत नाही. अंग चोरून बाहेर पडाल, पण रोज दाराची कड भिंतीवर घासायची नसेल तर भिंतीला फोमची पट्टी लावावीच लागेल. डावीकडे बसणाऱ्याला दोन्ही गाड्यांत बाहेरच उतरवायचं.

भिंगरी

रेडिंगकर, आकड्यांत कोण जिंकतं हा प्रश्न नाही म्हणता, पण आकडे नीट वाचले तर गाडीचा स्वभाव त्यांतच आहे. हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवा, टॉर्क कुठे येतो ते बघा. एमजीबीचा सगळा टॉर्क, साधारण १५० न्यूटन-मीटर, ३००० आरपीएमला मिळतो. जीटी८६चा २०५, पण तो ६४०० ला. शिवाय ३५०० ते ४५०० च्या मध्ये जीटी८६च्या टॉर्कला चांगलाच खड्डा आहे. गावातल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये नेमके तुम्ही त्याच खड्ड्यात असता. म्हणून जीटी८६ला पिकअप नाही असं लोक म्हणतात. पिकअप आहे, फक्त वर आहे. एक गिअर खाली टाका आणि ७००० पर्यंत जाऊ द्या.

जीटी८६च्या पुढच्या पिढीत, जीआर८६मध्ये, टोयोटा-सुबारूने नेमकं हेच दुरुस्त केलं. इंजिन २३८७ सीसीचं, २३४ हॉर्सपॉवर, आणि २५० न्यूटन-मीटर ३७०० लाच. खड्डा बुजला. पण युरोपच्या २०२४च्या नव्या सुरक्षा नियमांमुळे ती इथे दोनच वर्षांच्या वाट्यापुरती आली, त्यामुळे किंमत खाली उतरत नाही. तुमच्या पैशांत ती बसवायला जाऊ नका.

पुणेरी टॅपेट

एमजीबीचं इंजिन वाचून राहवलं नाही. हे बी-सिरीज इंजिन, म्हणजे आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. ब्लॉकची ठेवण तीच, साइड कॅमशाफ्ट, पुशरॉड, वर रॉकर शाफ्ट. सगळे भाग एकमेकांत बसत नाहीत, पण ज्याने अँबॅसिडरचे टॅपेट सेट केलेत त्याला एमजीबीचं झाकण उघडल्यावर काहीच परकं वाटणार नाही.

टॅपेट सेट करायला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप ठरवायला, नऊचा नियम लक्षात ठेवा. व्हॉल्व्हना पुढून मागे १ ते ८ नंबर द्या. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नऊमधून वजा करा, येईल तो व्हॉल्व्ह सेट करा. ८ दाबलेला असेल तर १, ६ दाबलेला असेल तर ३, ४ असेल तर ५. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे ढकलली तरी चालतं. गॅप थंड इंजिनला ०.०१५ इंच. फिलर गेज किंचित अडत सरकली पाहिजे, सैल पडली तरी चूक आणि ओढावी लागली तरी चूक. लॉकनट आवळताना स्क्रू स्वतःबरोबर फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा मोजायचं. आठही व्हॉल्व्ह अर्ध्या तासात होतात.

मोगरा

@पुणेरी टॅपेट, नऊचा नियम वहीत उतरवून घेतला. एक विचारते, गॅप वाढण्यापेक्षा कमी होणं जास्त वाईट असतं ना?

पुणेरी टॅपेट

हो मोगराताई, बरोबर. वाढला तर टकटक ऐकू येते, गाडी स्वतःच सांगते. कमी झाला तर आवाज नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो. एमजीबीत याला आणखी एक कारण आहे. जुन्या हेडला शिसं असलेल्या पेट्रोलची सवय. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून ते सर्वसाधारण विक्रीतून गेलं. कडक सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडी, न बसवलेलं हेड असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल जातो आणि गॅप मिटत जातो. म्हणून दर वेळी सेट करण्याआधी जुना गॅप वहीत लिहा. एक्झॉस्टचे चार आकडे दर ३००० मैलांना घटताना दिसले तर हेडला कडक सीट बसवायची वेळ आली. घेताना विक्रेत्याला विचारा की 'अनलेडेड' हेड आहे का, आणि बिल मागा.

तेलकट हात

इंजिनावर एवढं बोलून झालं, आता मुद्द्याचं. एमजीबी इंजिनासाठी कुणी नाकारत नाही. इंजिन बाहेर काढून उघडता येतं, सगळे भाग मिळतात. एमजीबी नाकारायची ती पत्र्यासाठी. आणि पत्र्यातही एकाच जागेसाठी: सिल.

दाराखाली जी लांब पेटी दिसते ती एक पत्रा नाही. बाहेरचं सिल, आतलं सिल, दोघांच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल, असे चार पत्रे मिळून ती पेटी होते. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीचा ताठपणा याच दोन पेट्यांत आहे. जीटीला छपराचा थोडा आधार मिळतो, उघड्या रोडस्टरला तोही नाही. पेटीत पाणी आणि रस्त्यावरचं मीठ शिरतं, तळाशी बसतं, आणि पत्रा आतून बाहेर सडतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत मधला पडदा निम्मा गेलेला असतो.

खरी दुरुस्ती अशी. गाडी सस्पेन्शनच्या जागी आधार देऊन सपाट उभी करायची. दाराच्या चौकटीत पुढच्या आणि मागच्या खांबाला जोडणारी आडवी पट्टी वेल्ड करायची, नाहीतर सिल कापताच बॉडी मधे वाकते आणि दार पुन्हा कधीच बसत नाही. पुढचा मडगार्ड बोल्टचा आहे, तो काढायचा. मागचा वेल्ड केलेला आहे, त्याचा खालचा भाग कापायचा, कारण सिल त्याच्या आत बरंच पुढे जातं. मग बाहेरचं सिल, पडदा, कॅसल रेल, लागलं तर आतलं सिल. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

खोटी दुरुस्ती अशी. दिसणाऱ्या भागावर नवा पातळ पत्रा चढवायचा, टोकांना पुट्टी, वर चकचकीत रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा. बाजारात अशा गाड्या भरपूर आहेत आणि फोटोत त्याच सगळ्यात सुंदर दिसतात.

ओळखायचं कसं ते सांगतो. मागच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला उभा जोड दिसतो का बघा. तो पुट्टीने गुळगुळीत झाला असेल तर संशय घ्या. फ्रिजवर लावायचं चुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा, पुट्टी असेल तिथे पकड सुटते. दार बंद करून मागच्या कडेची फट बघा, वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मग जॅकच्या जागी गाडी उचला आणि तीच फट पुन्हा बघा. बदलली, किंवा उचललेल्या स्थितीत दार उघड-बंद होताना अडलं, तर हात जोडून घरी या.

स्पॅनर

+१. वरच्या यादीत बॅटरीच्या पेट्या घाला. १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे जमिनीखाली असायच्या. त्या पेट्यांचा तळ ॲसिडने आणि रस्त्यावरच्या पाण्याने जातो. मागच्या लीफ स्प्रिंगचा पुढचा हँगरही तिथेच जवळ आहे. टॉर्च घेऊन खालून बघायचं, वरून गालिचा उचलून नाही.

आडगावचा सदू

मला हे पटत नाही. तेलकट हात म्हणतात ते सगळं खरं असेल, पण याचा अर्थ असा निघतो की एमजीबी घ्यायची म्हणजे आधी वेल्डर व्हायचं. सामान्य माणसाला शनिवारी चावी फिरवून निघायचं असतं. जीटी८६ला चेन आहे, टॅपेट हायड्रॉलिक, वर्षाला एकदा तेल आणि फिल्टर. कशाला जुन्या पत्र्याच्या मागे लागायचं?

भिंगरी

सदूभाऊ, एक दुरुस्ती आणि मग तुमच्या बाजूने बोलते. जीटी८६चे व्हॉल्व्ह रोलर रॉकरवर चालतात. गॅप आपोआप भरून काढणारे लॅश ॲडजस्टर हायड्रॉलिक आहेत म्हणून टॅपेट सेट करायचे नसतात, तिथवर तुमचं बरोबर. पण 'काही करावं लागत नाही' हे नाही.

२०१२-१३ च्या गाड्यांचा व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल होता. बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असल्यामुळे ते काम करायला इंजिन बाहेर काढावं लागतं. त्या वर्षांची गाडी बघत असाल तर नंबर टाकून रिकॉल पूर्ण झालाय का ते पाहा. शिवाय पुन्हा जोडताना सीलंट जास्त लागलं असेल तर त्याचे तुकडे तेल खेचणाऱ्या नळीच्या जाळीत जाऊन बसतात. काम कुणी केलं, कधी केलं आणि त्यानंतर गाडी किती चालली, तिन्ही विचारा. रिकॉलनंतर काही हजार मैल व्यवस्थित चाललेली गाडी ही काल काम झालेल्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची.

बाकी: क्लच पेडल सोडल्यावर चिवचिव आणि दाबल्यावर बंद, तर रिलीज बेअरिंग आणि फोर्क. बेअरिंग स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मागच्या दिव्यांत आत वाफ धरते, दिवा बदलावा लागतो. प्लग ६०,००० मैलांना, पण ते इंजिनाच्या दोन्ही कुशीत आडवे आहेत. चासीचा पत्रा आणि प्लग यांच्यात इतकी कमी जागा की माउंट सोडून इंजिन थोडं उचलतात. एमजीबीचे चार प्लग दहा मिनिटांत, बटाट्याची भाजी चिरता चिरता होतात.

पण एकंदरीत सदूभाऊंचा मुद्दा मान्य. जीटी८६ तुमचे पैसे मागते, वेळ मागत नाही.

रेडिंगकर

खूप आभार सगळ्यांचे. @तेलकट हात, सिलचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला. वेळेचा मुद्दा आला म्हणून विचारतो: पत्रा चांगला आहे असं धरलं, तर एमजीबीला ३००० मैलांमागे नेमकं काय काय करावं लागतं? आणि दोन कार्बोरेटर जुळवणं नवशिक्याला जमतं का?

तेलकट हात

जमतं. आधी यादी. इंजिन तेल आणि फिल्टर, सव्वाचार लिटरच्या आसपास, २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं. कॅमशाफ्टवर सपाट टॅपेट घासतात, त्यांना झिंक लागतं. पुढच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला, दोन्ही बाजूंना तीन-तीन निपल आहेत, त्यांत ग्रीस, आणि ते देताना चाक जमिनीवरून उचललेलं हवं, म्हणजे ग्रीस भाराच्या बाजूलाही जातं. हे चुकलं की किंगपिन झिजतो आणि तो बदलायला बुशिंग रीम करून घ्यावं लागतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५. लीव्हर शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधलं तेल. टॅपेट वर आलेच. ज्याचा हात बसलाय त्याला एक सकाळ, नवशिक्याला अख्खा शनिवार.

आता एसयू एचएस४ कार्बोरेटरची जोडी. पहिला नियम: टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावायचा नाही. गाडी अडखळते म्हणून लोक कार्बोरेटर फिरवत बसतात आणि दोष पॉइंटमध्ये असतो.

इंजिन पूर्ण गरम करा, दहा-पंधरा मैल चालवून आणा. एअर फिल्टर काढा. दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्यावरचे क्लँप सैल करा, म्हणजे दोन्ही कार्बोरेटर एकमेकांपासून सुटे होतील. हात-दीडहात रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात एकाच खोलीवर धरा. 'स्स्स' असा आवाज येतो. दोन्हीकडे तो आवाज सारखा होईपर्यंत आयडलचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. कानाला काही वेळाने फरक बरोबर कळायला लागतो.

मग मिश्रण. प्रत्येक कार्बोरेटरच्या खाली जेटचा षटकोनी नट आहे. अगदीच बिघडलेला असेल तर जेट कार्बोरेटरच्या तोंडातल्या पुलाच्या, म्हणजे उंचवट्याच्या, पातळीला आणा आणि तिथून नटाच्या बारा बाजू (फ्लॅट) खाली, म्हणजे दोन फेरे. नट खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी). आता बाजूची छोटी पिन दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच आहे, एक फ्लॅट वर. इंजिन लगेच पडायला लागलं तर लीन, एक फ्लॅट खाली. किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. एकाला हात लावला की दुसरा पुन्हा तपासायचा. शेवटी दांड्याचे क्लँप आवळा, पण दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतात का ते बोट लावून बघून मगच.

डॅशपॉटमध्ये तेल पोकळ दांड्याच्या वर साधारण १३ मिलिमीटर. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी धक्का खाते, आणि माणूस पुन्हा जेट फिरवायला घेतो. आधी तेल बघा.

मोगरा

कार्बोरेटरला कान देणं, काय सुरेख वर्णन आहे! तंबोरा जुळवण्यासारखंच की.

पुणेरी टॅपेट

अगदी, मोगराताई. आणि तंबोऱ्यासारखंच, एक तार लावली की दुसरी उतरते.

चौथा गिअर

आधी गंमत केली, आता कामाचं. मोटरवेचा प्रश्न ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम उतरवणाऱ्या जादा गिअरवर ठरतो. चौथ्या गिअरमध्ये एमजीबी १००० आरपीएमला साधारण १८ मैल जाते, म्हणजे ७० ला ३९०० आरपीएम. तासाभराने डोकं भणभणतं. ओव्हरड्राइव्ह लागला की तेच ३२०० च्या आसपास येतं, आणि तिथे हे इंजिन मजेत असतं. क्रोम बंपरच्या काळात ओव्हरड्राइव्ह ऐच्छिक होता, त्यामुळे सगळ्या गाड्यांत नसतो. तुमच्या उपयोगाला ओव्हरड्राइव्ह नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असं माझं ठाम मत. नंतर बसवायचा म्हणजे गिअरबॉक्सच बदलणं, आणि एमजीबीत गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर येतो.

चालवून बघताना तिसऱ्यात आणि चौथ्यात, दोन्हीत लावून बघा. एक-दोन सेकंदांत लागला पाहिजे. लागला नाही तर लगेच घाबरू नका, आधी गिअरबॉक्समधलं तेल बघा, ओव्हरड्राइव्ह त्याच तेलाच्या दाबावर चालतो. मग गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच आणि त्याची वायर, मग सोलेनॉइड, मग फिल्टर. बहुतेक वेळा दोष विजेचाच निघतो. पण विक्रेत्याला हे सांगायची गरज नाही, किंमत ठरवताना 'ओव्हरड्राइव्ह चालत नाही' एवढंच बोला.

वाटसरू

शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. दोष माहीत असेल तर विक्रेत्याला सांगावा, असं मला वाटतं. पुढे त्याच्याकडूनच सुटे भाग आणि जुनी कागदपत्रं मागायची असतात.

चौथा गिअर

मान्य. सांगून टाकावं, आणि दुरुस्तीचा खर्च वजा करून मागावं. मागे घेतो.

आडगावचा सदू

ब्रेक आणि सुरक्षेचं कुणी बोलत नाही. एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस नाही, एअरबॅग नाही, सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेक हलका करणारा सर्वोसुद्धा नाही. जीटी८६मध्ये हे सगळं आहे, स्टॅबिलिटी कंट्रोल आहे. पावसात मोटरवेवर पुढचा ट्रक थांबला तर कुठल्या गाडीत बसलेलं बरं, हे मनाला विचारा.

भिंगरी

हा मुद्दा खोडून काढता येणार नाही, सदूभाऊ. मुलांना घेऊन जायचं असेल तर माझंही मत जीटी८६. एमजीबी जीटीची मागची सीट तशीही पिशव्यांसाठीच आहे.

फक्त रस्त्यावर गाडी हातात कशी बसते यात एक साम्य सांगते, कारण या दोन गाड्या शेजारी ठेवण्याचं खरं कारण तेच आहे. एमजीबी जीटीला १६५ चे अरुंद टायर. जीटी८६ला टोयोटाने मुद्दाम २१५ चे, १७ इंची, साध्या प्रवासी गाडीच्या पठडीतले टायर दिले. दोन्हीकडे कमी वेगातच गाडी सरकू लागते आणि सरकण्याआधी हाताला कळवते. जीटी८६ घेणारे बरेच जण आधी रुंद, चिकट टायर घालतात. पकड वाढते, पण जी मजा ४० मैलांवर मिळत होती तिच्यासाठी मग ७० लागतात. रस्त्यासाठी मूळ मापच ठेवा.

सह्याद्रीचा वारा

मध्येच घुसतो, माफ करा. पुण्यात अशी एमजीबी आणली तर चालवता येईल का? जीटी८६ तर इथे कधी अधिकृतपणे विकलीच नाही.

स्पॅनर

आयातीचा कर हे वेगळंच प्रकरण आहे, पण नोंदणीपुरतं सांगतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी वेगळी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. बी-सिरीज समजणारे हात इथे आहेत, ही मात्र जमेची बाजू.

पुणेरी टॅपेट

आणि आता इथलं पेट्रोल ई२० आहे, हेही ध्यानात घ्या. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात आणि आतून सोलतात. त्याचे कण फ्लोट चेंबरच्या सुईखाली अडकतात आणि कार्बोरेटर वाहू लागतो. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल म्हणजे गाडी पेटायला निमित्त.

मोगरा

इंग्लंडातही ई१० आहे ना? मग रेडिंगकरांनाही हेच लागू.

तेलकट हात

हो, सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०. पण महागातलं ९७ ऑक्टेन किंवा वरचं घेतलं तर त्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच असतं. एमजीबीत तेच घालायचं. आणि गाडी घेतल्या दिवशीच सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदलायच्या, 'आर९' छापलेल्या. टाकीपासून पंपापर्यंतचा तुकडासुद्धा, तो लोक विसरतात. जीटी८६ला ई१० चालतं, पण दोन महिने उभी राहणार असेल तर तिलाही टाकी भरून ठेवा.

रेडिंगकर, कर आणि विम्याचं राहिलं. शेवटची एमजीबी १९८० ची, त्यामुळे आता सगळ्याच चाळिशी ओलांडलेल्या. रोड टॅक्स शून्य, एमओटी (दर वर्षीची सक्तीची तपासणी) नाही, लंडनच्या युलेझमधून, म्हणजे धूर जास्त करणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात त्या भागातून, सूट. पण ही सवलत आपोआप लागत नाही, गाडी हिस्टॉरिक वर्गात बदलून घ्यावी लागते, कागदावर तसं लिहिलंय का बघा. एमओटीची सक्ती नसली तरी दर वर्षी करून घ्याच. खालून दुसऱ्या कुणीतरी गाडी बघण्याला त्या फीपेक्षा जास्त किंमत आहे. विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या, फोटो आणि बिलं देऊन. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला एक जुनी गाडी म्हणून मोजते.

आडगावचा सदू

एवढं वाचून माझंही मत थोडं हललं. जीटी८६च म्हणेन, पण त्यांच्या गॅरेजमध्ये ती अडचणीतच मावते हे वाटसरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उघड्यावर ठेवायची तर जीटी८६, आत ठेवायची तर एमजीबी. एमजीबी उघड्यावर ठेवू नये, यावर तरी एकमत व्हावं.

स्पॅनर

एकमत. आणि आत ठेवतानाही ओली ठेवू नका. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात तर खालून साध्या पाण्याने धुवा, वाळवा, मग आत. सिलमध्ये दर दोन वर्षांनी मेण फवारायचं, खालची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवून. मेणाने भोक बुजलं तर पाणी आतच राहतं आणि केलेलं सगळं उलटतं.

रेडिंगकर

सदूभाऊंनी गाठ सोडवली. गॅरेज पुन्हा मोजलं, आतून २.३८ भरलं. जीटी८६ बाद. येत्या शनिवारी १९७२ ची एमजीबी जीटी बघायला जातोय. ओव्हरड्राइव्ह आहे, हेडचं बिल आहे, दोन्ही सिल 'नवीन' आहेत असं विक्रेता म्हणतो. चुंबक, टॉर्च, जुने कपडे घेतलेत. आणखी काय?

तेलकट हात

ट्रॉली जॅक स्वतःचा न्या, त्याच्याकडे असेल या भरवशावर राहू नका. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. सिलच्या कामाचे फोटो मागा, रंगाआधीचे. खरं काम करणाऱ्याकडे उघड्या पडद्याचा फोटो असतोच.

पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, इंजिन थंड हवं. चोक ओढून सुरू करा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघत राहा. मग वीसेक मैल चालवून, पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा बघा: ५० मैलांवर ५० ते ८० पौंड, आयडलला १० ते २५. गरम झाल्यावर धावतानाही ४० च्या खाली राहिला तर बेअरिंगचा खर्च धरून किंमत बोला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडा, खाली पोचल्यावर दाबा आणि आरशात बघा. निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत.

आणि आदल्या दिवशी फोन करून एवढं सांगा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.